ठाणे हलते तेव्हा : इलिनॉयमधील लिंकन गावाची कुळकथा

अब्राहम लिंकनच्या नावाची गावे अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांतली बहुतेक त्याची कीर्ती झाल्यावर, किंबहुना त्याचा खून झाल्यावर त्या नावाची झाली. इलिनॉय राज्याच्या मध्यभागी असलेले लिंकन हे गाव मात्र याला अपवाद आहे. तेथे भूखंडांची पहिली विक्री २७ ऑगस्ट १८५३ रोजी झाली. त्या वेळी हा माणूस स्प्रिंगफील्डमध्ये बरी वकिली चालणारा एक वकील होता. काँग्रेसमध्ये एकच मुदत काढून परतलेला आणि राजकारणातून जवळजवळ बाजूला पडलेला. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक अजून सात वर्षे दूर होती. मग गावाला त्याचे नाव का दिले? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी या गावाच्या इतिहासात शिरले आणि नावापेक्षा गावाचीच गोष्ट मला अधिक विचारात पाडणारी वाटली.

माझी मुलगी इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला राहते. तिथून पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला गेले की लिंकन येते, आणि आणखी तेवढेच गेले की राज्याची राजधानी स्प्रिंगफील्ड. मधल्या सगळ्या वाटेवर मका आणि सोयाबीन. पहिल्यांदा गेले तेव्हा मुलगी मला थेट रेल्वे स्टेशनाशेजारच्या कलिंगडापाशी घेऊन गेली. कलिंगडाच्या फोडीचा पुतळा! त्याची कथा पुढे येईलच. पण त्या दिवशी मला खटकले ते वेगळेच. मी तीसेक वर्षे कॉलेजात इतिहास शिकवला. गावे का वसतात यावरचा माझा धडा ठरलेला होता : नदीचे पात्र, बंदर, घाटाचा पायथा, दोन रस्त्यांचा तिठा. इथे यांतले काहीच नव्हते. चारी दिशांना सपाट जमीन, जवळून वाहणारे लहानसे ओढे, आणि मधोमध घुमटाचे भले थोरले न्यायालय. गाव त्या इमारतीभोवती बसले होते, एखाद्या देवळाभोवती बसावे तसे.

अमेरिकेत राज्याखालचा प्रशासकीय विभाग म्हणजे काउंटी. इलिनॉयमध्ये अशा १०२ काउंट्या आहेत. प्रत्येकीचे एक मुख्य गाव असते. त्याला 'काउंटी सीट' म्हणतात. आपल्याकडे परगण्याचे मुख्य गाव ते कसबा, किंवा अलीकडच्या भाषेत तालुक्याचे ठिकाण, तसेच काहीसे. मी त्याला ठाणे म्हणणार आहे. एकोणिसाव्या शतकात ठाण्याला न्यायालय असे, जमिनीच्या खरेदीखतांची नोंद तिथे होई, कर तिथे भरावा लागे, तुरुंग तिथे असे. वर्षातून दोनदा न्यायाधीश आणि त्याच्यामागून वकिलांचा तांडा घोड्यांवरून यायचा. त्या दिवसांत पक्षकार, साक्षीदार, पंच आणि नुसतेच बघे यांनी गाव भरून जाई. खाणावळी आणि दारूचे गुत्ते त्यावर चालत, जमिनीचे भाव त्यावर चढत. ज्या गावाला ठाणे मिळाले त्याला भविष्य मिळाले. ज्याचे गेले ते पुन्हा शेतकऱ्यांचे खेडे झाले.

लोगन काउंटी स्थापन झाली १८३९ मध्ये. त्या वेळी इलिनॉयच्या विधिमंडळात असलेल्या लिंकननेच तिला आपले सहकारी डॉ. जॉन लोगन यांचे नाव सुचवले होते. पहिले ठाणे झाले पोस्टव्हिल. रसेल पोस्ट नावाच्या माणसाने चार वर्षांपूर्वी आखलेले हे गाव. १८४० मध्ये तिथे दोन मजल्यांची लाकडी न्यायालयाची इमारत उभी राहिली. ती आणि तिच्याखालची जमीन गावातल्या गुंतवणूकदारांनी काउंटीला दिली होती. हा धर्मादाय नव्हता. ठाणे आले की आपल्या भूखंडांना गिऱ्हाईक येईल, हा सरळ हिशेब होता. इमारतीसमोर डेस्किन्सची खाणावळ होती. फिरत्या न्यायालयाबरोबर येणारा लिंकन तिथे उतरायचा. आठव्या न्यायमंडळाचा हा फेरा शेकडो मैलांचा असे. एका खोलीत चार-पाच वकील, एका पलंगावर दोघे, असा तो संसार होता.

पोस्टव्हिलचे सुख जेमतेम आठ वर्षे टिकले. काउंटीच्या आग्नेय भागात एका टेकाडावर माउंट पुलास्की हे गाव वाढत होते. तिथल्या लोकांनी वर्गणी काढून विटांची देखणी इमारत बांधण्याची तयारी दाखवली आणि १८४८ मध्ये ठाणे तिकडे गेले. पोस्टव्हिलचे गुंतवणूकदार साहजिकच संतापले. आपण जमीन दिली, इमारत दिली, ती न्यायालय इथे राहील म्हणून; आता न्यायालय जात असेल तर आमचे आम्हाला परत करा, असे म्हणत त्यांनी काउंटीवर दावा लावला.

हा खटला, 'अ‍ॅडम्स विरुद्ध लोगन काउंटी', इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८४९ मध्ये निकालात निघाला. काउंटीचा वकील होता अब्राहम लिंकन. काउंटी जिंकली. देणाऱ्यांनी लाभाच्या आशेने दिले असेल. पण आशा म्हणजे करार नव्हे. ठाणे कुठे असावे हे ठरवणे हा राज्याचा अधिकार. कुणी दान दिले म्हणून राज्य त्यात बांधले जात नाही.

या निकालापाशी मी बरेच दिवस थांबले. लिंकनच्या चरित्रांत याला फार तर एखादी ओळ मिळते, आणि ते ठीकच आहे. गुलामगिरी आणि यादवी युद्धापुढे एका काउंटीच्या लाकडी इमारतीचे काय? पण लिंकन गावाच्या इतिहासाची किल्ली मला इथे सापडली. गावे नदीमुळे वसतात की तिठ्यामुळे, हा माझा धडा अपुरा होता. या मुलखात गाव वसते ते वरून मिळालेल्या एखाद्या गोष्टीवर, आणि ती गोष्ट तिथेच राहील असे वचन कुणी दिलेले नसते. हे कायद्याच्या भाषेत ज्या वकिलाने सिद्ध करून घेतले, त्याचेच नाव पुढच्या ठाण्याला मिळाले.

मला हे इतके लागायला एक घरगुती कारणही आहे. माझे आजोळ मंडणगड तालुक्यातले, बाणकोटच्या खाडीजवळचे. १७५६ मध्ये इंग्रजांच्या हाती आलेले बाणकोट पेशवाई बुडाल्यावर नव्या दक्षिण कोकण जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. पण १८२२ मध्ये ते ठिकाण अधिक मध्यवर्ती आणि सोयीचे म्हणून रत्नागिरीला हलवण्यात आले. त्यानंतर बाणकोटचे काय झाले हे पाहायला खाडीवर जाऊन उभे राहिले तरी पुरे. आमच्या लहानपणी बाणकोट मागे का पडले याचे उत्तर एकच असे, खाडीत गाळ भरला. गाळ भरला हे खरेच. पण कचेरी आधी गेली होती. फरक एवढाच की बाणकोटच्या लोकांना दावा लावण्याची सोय नव्हती.

तर माउंट पुलास्की. त्याचेही दैव सात वर्षांचेच निघाले. १८५० नंतर मिसिसिपीकाठच्या आल्टनहून स्प्रिंगफील्डमार्गे शिकागोकडे जाणारा लोहमार्ग पडू लागला. हा मार्ग माउंट पुलास्कीला वळसा घालून, जुन्या पोस्टव्हिलला अगदी खेटून ईशान्येला जाणार हे ठरले. वाफेच्या इंजिनाला थोड्या थोड्या अंतरावर पाणी आणि लाकूडफाटा लागायचा, म्हणजे स्टेशन लागायचे. स्टेशन जिथे तिथे धान्य, गुरे, टपाल. हे ज्यांना इतरांच्या आधी कळले ते तिघे होते : काउंटीचा शेरीफ रॉबर्ट लेथॅम, गुरांचा बडा व्यापारी जॉन डीन गिलेट आणि रेल्वे कंपनीत वजन असलेला स्प्रिंगफील्डचा व्हर्जिल हिकॉक्स.

स्टेशनाची नेमकी जागा ज्या शेतात येणार होती ते शेत पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या आयझॅक लूज नावाच्या माणसाचे होते. त्या काळी इलिनॉयची जमीन तिथे पाऊल न टाकताही विकत घेता येई. सगळा मुलूख सरकारने आधीच चौकोनांत मोजून ठेवला होता. सहा मैलांचा चौरस म्हणजे टाउनशिप, तिचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. कागदावरचा आकडा सांगितला की जमीन ओळखता येई. लेथॅम पेनसिल्व्हेनियाला जाऊन सौदा करून आला. इकडे गावाचा पत्ता नसतानाच ठाणे त्या जागी हलवण्याची कायदेशीर तयारी सुरू झाली होती. विधिमंडळाने मतदानाला परवानगी दिली, मतदान झाले, कौल नव्या जागेला मिळाला. म्हणजे आधी रेल्वे ठरली, मग ठाणे ठरले आणि सगळ्यात शेवटी गाव. काउंटीचा शेरीफच जमिनीच्या व्यवहारात भागीदार, हे आज वाचताना भुवया उंचावतात. त्या काळच्या इलिनॉयमध्ये त्यात कुणाला वावगे वाटल्याचे दिसत नाही. विकास आराखडा बाहेर येण्याआधीच रिंगरोडच्या कडेच्या जमिनी घेणारी मंडळी आपल्याकडेही आहेत. आपल्याला त्यात अपरिचित असे काही वाटू नये.

या भागीदारांचे कागद करून दिले ते रेल्वेचा वकील म्हणून काम पाहणाऱ्या लिंकनने. कागद तयार करताना गावाच्या नावाची जागा कोरी होती. भागीदारांनी त्याचेच नाव घालायचे ठरवले. तेव्हा तो म्हणाला की असे करू नका, लिंकन नावाच्या कशाचेही फारसे भले झालेले मी पाहिलेले नाही. हा संवाद नंतरच्या आठवणींतून आला आहे, म्हणून शब्दांची खात्री धरू नये. पण बोलण्याची तऱ्हा त्याचीच वाटते. नाव देण्यामागे व्यक्तिपूजा नव्हती. आपल्या वकिलाचा केलेला तो एक खुशीचा सन्मान होता.

२७ ऑगस्टला भूखंडांच्या विक्रीला गर्दी जमली. लिंकनही आला होता. गावाचे बारसे व्हायला हवे असे कुणीतरी म्हणाले. जवळच एका गाडीत कलिंगडे होती. लिंकनने कलिंगड कापून त्याचा रस जमिनीवर शिंपडला आणि गावाला आपले नाव दिले. प्रथा शँपेनची किंवा पाण्याची. हा कलिंगडाचा रस. त्या प्रसंगाची आठवण म्हणून स्टेशनाजवळ ती फोड उभी आहे.

१८५५ मध्ये ठाणे प्रत्यक्ष हलले. पुढे पोस्टव्हिल या नव्या गावात विरून गेले, म्हणजे एका अर्थी ठाणे फिरून जवळजवळ मूळ जागीच आले. नव्या गावातली न्यायालयाची पहिली इमारत १८५७ मध्ये जळाली आणि तिच्याबरोबर काउंटीची बरीच जुनी दप्तरे गेली. संशोधकाला हळहळ वाटणारच. लगेच पुढच्या वर्षी दुसरी इमारत झाली आणि आजची घुमटाची १९०५ मध्ये.

लिंकनचा या गावाशी पुढचा संबंध थोडक्यात सांगते. एका परिचिताच्या कर्जाला जामीन राहून ते फेडावे लागले, त्याच्या बदल्यात १८५८ मध्ये त्याला इथला एक भूखंड मिळाला. आपल्या नावाच्या गावात त्याची मालमत्ता झाली ती अशी, बुडीत कर्जापोटी. त्याच वर्षी सिनेटच्या निवडणुकीत डग्लस इथे सर्कशीच्या तंबूत बोलला आणि ऑक्टोबरमध्ये लिंकनही येऊन बोलून गेला. निवडून आल्यावर, नोव्हेंबर १८६० मध्ये, शिकागोला जाताना गाडी इथे थांबली तेव्हा तो दोन शब्द बोलला. आणि ३ मे १८६५च्या सकाळी त्याचे शव घेऊन निघालेली आगगाडी स्प्रिंगफील्डच्या आधी याच गावातून गेली, त्याच रुळांवरून.

गाव कुणाच्या जिवावर मोठे झाले हे पाहायचे तर गावाबाहेर शेतात जावे लागते. गिलेटने हजारो एकर जमीन आणि शॉर्टहॉर्न जातीची गुरे जमवली. त्याची गुरे इंग्लंडला निर्यात होत. पण मला त्याच्याहून अधिक कुतूहल वाटले ते विल्यम स्कलीचे. हा आयर्लंडमधला जमीनदार. १८५०च्या सुमारास तो इलिनॉयमध्ये आला आणि लोगन काउंटी व आसपासची पाणथळ म्हणून स्वस्त असलेली जमीन त्याने अफाट प्रमाणात घेतली. स्वतः लंडनमध्ये राहिला. जमीन कुळांना रोख खंडाने दिली. घर, गोठा, कुंपण, पाणी काढून देणारे चर हे सगळे कुळाने आपल्या खर्चाने करायचे, जमीन मालकाची. त्याची इथली कचेरी लिंकनमध्ये होती. कोकणातल्या खोतीच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला हे वर्णन वाचून दचकायला होते. स्वतःची जमीन कसणाऱ्या स्वतंत्र शेतकऱ्यांचा देश, हे अमेरिकेचे चित्र आपण पाठ्यपुस्तकांतून शिकतो. इथे तर कुळे खंड भरायला ठाण्याला येत होती. लोकांचा राग इतका वाढला की १८८७ मध्ये इलिनॉयने परकीयांच्या जमीन-मालकीवर बंदी घालणारा कायदा केला. स्कलीने पुढे म्हातारपणी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि इस्टेट राखली.

न्यायालयाच्या जोडीला गावाला आणखी दोन मोठ्या गोष्टी मिळाल्या. पहिली कॉलेज. लिंकन युनिव्हर्सिटी या नावाने त्याची सनद फेब्रुवारी १८६५ मधली. पायाखोदाई १२ फेब्रुवारीला, लिंकनच्या शेवटच्या वाढदिवशी. म्हणजे तो हयात असताना त्याचे नाव घेतलेली ही संस्था. दुसरी, मतिमंद मुलांसाठी राज्याने चालवलेली संस्था. ती जॅक्सनव्हिलहून १८७७च्या सुमारास इथे आणली गेली. पुढे 'लिंकन स्टेट स्कूल अँड कॉलनी' म्हणून ती इतकी वाढली की विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे पाच हजारांहून अधिक लोक राहत होते. ठासून भरलेल्या खोल्या, अपुरे कर्मचारी, घरच्यांनी टाकलेली माणसे; अशा संस्थांचा इतिहास कुठेही वाचला तरी अंगावर येतो. पण त्याच संस्थेने गावातल्या कित्येक कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या पगार दिला. त्या भिंतीआड राहिलेल्यांचा आणि त्या भिंतीवर पोट असलेल्यांचा इतिहास एकाच गावाचा आहे, आणि तो एकत्र लिहिलेला मला कुठे सापडला नाही.

गावाने माणसेही दिली. राइनहोल्ड नीबूर आणि एच. रिचर्ड नीबूर हे दोघे धर्मचिंतक भाऊ इथे वाढले; वडील जर्मन भाषक मंडळींच्या चर्चचे पाद्री होते. राइनहोल्डच्या १९३२च्या 'मॉरल मॅन अँड इमॉरल सोसायटी' या पुस्तकात गांधींच्या अहिंसक प्रतिकाराचा विचार आहे आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना तो मार्ग उपयोगी पडेल असे सुचवलेले आहे. मार्टिन ल्यूथर किंगने ते पुस्तक मन लावून वाचले होते. लँग्स्टन ह्यूज हा कवी १९१५च्या सुमारास वर्षभर आई आणि सावत्र वडिलांबरोबर इथे राहिला. आठवीच्या वर्गाने त्याला वर्गाचा कवी म्हणून निवडले, तोवर त्याने एकही कविता लिहिलेली नव्हती. त्याने आत्मचरित्रात दिलेले कारण असे : वर्गात कृष्णवर्णीय मुले दोनच, आणि कवितेला ताल लागतो व काळ्या माणसाला ताल उपजत असतो ही गोऱ्या मुलांची समजूत! पूर्वग्रहातून एका मोठ्या कवीचा आरंभ व्हावा, ही गंमत लिंकनचे नाव मिरवणाऱ्या गावात घडली.

पण या गावाचा खरा इतिहासकार म्हणजे विल्यम मॅक्सवेल. जन्म १९०८, इथलाच. 'न्यू यॉर्कर'मध्ये चाळीसेक वर्षे ललित साहित्याचा संपादक. तो दहा वर्षांचा असताना १९१८-१९च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्याची आई बाळंतपणात गेली. वडिलांनी पुन्हा लग्न केले, पुढे कुटुंब शिकागोला गेले, आणि मॅक्सवेल उरलेले आयुष्य या गावाबद्दल लिहीत राहिला. १९८० साली आलेली त्याची 'सो लाँग, सी यू टुमॉरो' ही छोटी कादंबरी मी लिंकनच्या पहिल्या भेटीनंतर वाचली. गावाबाहेर एका कुळाचा शेजाऱ्याकडून झालेला खून हा तिचा विषय; मुळात घडलेल्या घटनेवर आधारलेला. निवेदक म्हातारपणी जुन्या वृत्तपत्रांची कात्रणे मागवतो, आणि कात्रणे जिथे गप्प होतात तिथे कल्पनेने जोडत जातो. त्याला टोचणी आहे ती एका साध्या गोष्टीची : मारेकऱ्याचा मुलगा त्याचा मित्र होता, आणि पुढे शिकागोच्या शाळेत तो समोरून आला तेव्हा हा त्याच्याशी बोलला नाही. दप्तरे जळालेल्या ठाण्याचा इतिहास लिहायचा तर कदाचित असाच लिहावा लागतो. मी कादंबरीकार नाही, तेव्हा मला जळालेली पाने कोरीच सोडावी लागली.

आता पोस्टव्हिलच्या त्या लाकडी न्यायालयाकडे परत जाऊ. ठाणे गेल्यावर ती इमारत खाजगी वापरात गेली आणि जीर्ण होत उभी राहिली. १९२९ मध्ये हेन्री फोर्डने ती विकत घेतली, फळी न् फळी सोडवून मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला नेली आणि आपल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात पुन्हा उभी केली. जुने जतन करण्याची ही फोर्डची रीत होती. ज्या मोटारीने जुने जग मोडले तिच्या पैशातून मोडलेल्याचे नमुने गोळा करणे. गावाच्या शताब्दीला, १९५३ मध्ये, राज्याने मूळ जागी तिची प्रतिकृती बांधली. त्यामुळे आज खरी इमारत चुकीच्या जागी आहे आणि बरोबर जागी असलेली इमारत नकली आहे. पोस्टव्हिलच्या गुंतवणूकदारांना हे कळते तर त्यांनी आणखी एक दावा लावला असता.

गेल्या पाव शतकात गावाला मिळालेल्या गोष्टी एकेक करून जात आहेत. राज्याची मतिमंदांसाठीची संस्था २००२ मध्ये बंद झाली. तिथल्या वागणुकीबद्दलच्या तक्रारी पाहता ती बंद होणे अटळ होते असे मी म्हणेन, पण शेकडो नोकऱ्या एका निर्णयाने गेल्या हेही खरे. लिंकन कॉलेज १३ मे २०२२ रोजी बंद झाले. १९१२ची आग, १९१८ची साथ, महामंदी आणि दोन महायुद्धे यांतून ते तरले होते. कोविडनंतर डिसेंबर २०२१ मध्ये संगणकांवर झालेल्या खंडणीखोर हल्ल्यातून मात्र सावरले नाही. प्रवेशांची सगळी माहिती महिनोन् महिने हाताबाहेर राहिली. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, गावातले दुसरे विद्यापीठ, लिंकन ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, हेही मिटले. २०२०च्या जनगणनेत गावाची वस्ती १३,२८८ होती. १९७० मध्ये ती सतरा हजारांवर होती.

उरला तुरुंग. गावाबाहेर, जुन्या संस्थेच्या जमिनीवर, राज्यातला स्त्रियांचा मुख्य तुरुंग आहे. इमारती मोडकळीला आल्या म्हणून २०२४ मध्ये राज्य सरकारने तो नव्याने बांधायचे जाहीर केले, आणि नवी जागा म्हणून इथून दूर, शिकागोच्या बाजूच्या क्रेस्ट हिलचे नाव पुढे आले. गावात सभा झाल्या. कर्मचारी, दुकानदार आणि निवडून आलेले प्रतिनिधी बोलले : आम्ही जमीन दिली, माणसे दिली, पिढ्या दिल्या. त्या सभांच्या बातम्या वाचताना मला १८४९चा निकाल आठवत होता. तोच युक्तिवाद, तेच गाव.

यंदा परतण्याआधी मी मुलीला म्हटले, एकदा माउंट पुलास्कीला जाऊ या. वीसेक मिनिटांचा रस्ता. दीड हजार वस्तीचे गाव. टेकाडावरच्या चौकात विटांची दोन मजली इमारत उभी आहे, १८४८ची, तीच, त्याच जागी. ठाणे गेल्यावर तिचे काय करायचे हे कुणाला सुचेना, म्हणून तिथे शाळा भरली, मग तुरुंग झाला, टपाल कचेरी झाली. १९३० नंतर राज्याने तिची डागडुजी करून ती जपली. आठव्या न्यायमंडळात लिंकन ज्या न्यायालयांत उभा राहिला, त्यांपैकी आपल्या मूळ जागी शिल्लक राहिलेल्या इमारती इलिनॉयमध्ये दोनच आहेत, त्यांतली ही एक. जिंकलेल्या लिंकन गावाने दोनदा न्यायालय नव्याने बांधले. हरलेल्या गावाकडे नवे बांधायला कारण उरले नव्हते.

वरच्या मजल्यावर न्यायालयाची खोली आहे. याच खोलीत एका आपोआप झुलणाऱ्या पाळण्याच्या पेटंटचा खटला चालला. लिंकनने पाळणा न्यायाधीश डेव्हिस यांच्यासमोर चालवून दाखवला आणि तो थांबेचना. तेव्हा आपल्या ओळखीच्या काही बोलघेवड्यांसारखाच हा, एकदा सुरू झाला की थांबायचे कळत नाही, असे तो म्हणाला म्हणतात. मुलगी हसली. मी खिडकीशी गेले. टेकाडावरून खालची मक्याची शेते लांबवर दिसत होती. वायव्येला, घुमटाच्या न्यायालयाकडे, शेतांमधून सरळ रेघ मारावी तसा रस्ता गेला होता.